वाचकांचे प्रश्न: 'शेड्स ऑफ ग्रे' एवढा का फसला?

मागच्या अंकात 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळयानावरच्या अमेरिकन मालिकेच्या दुसऱ्या सीझनबद्दल लिहिलं होतं आणि त्यात शेवटच्या एपिसोडवर, म्हणजे 'शेड्स ऑफ ग्रे'वर, एकच ओळ होती, की हा नाही बघितला तरी चालेल. त्या ओळीवर इतकी पत्रं आणि मेल आलेत की या वेळचं सदर अख्खं त्यालाच द्यायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, फार लांब पत्रं थोडी छाटलीयेत.

प्रश्न: दादा, मी इंजिनिअरिंगला आहे, पुण्यात होस्टेलवर राहतो. हा शो पहिल्यांदाच बघतोय. पहिला सीझन कसाबसा काढला, दुसऱ्यात मजा यायला लागली, 'क्यू हू'मध्ये ते अर्धे माणूस अर्धे यंत्र असलेले बोर्ग आले तेव्हा तर आम्ही सगळे रूमवर गप्प बसलो होतो. आणि मग शेवटचा एपिसोड लावला तर काय, कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी रायकर आजारी पडतो, बेडवर झोपतो आणि आम्ही जुने सीन बघत बसतो! तेच सीन जे आत्ता आत्ता बघून झालेत. मित्र म्हणतात बजेट संपलं असणार. खरंच एवढंच आहे का हो? मला तर फसवल्यासारखं वाटलं.

उत्तर: तुझे मित्र बरोबर बोलतायत, पण गोष्ट बजेटच्या आधीपासून सुरू होते. 7 मार्च 1988 ला अमेरिकेतल्या पटकथा लेखकांच्या संघटनेने संप पुकारला आणि तो 7 ऑगस्टपर्यंत चालला. पाच महिने! आणि हे नेमके ते महिने, जेव्हा पुढच्या सीझनच्या स्क्रिप्ट तयार होत असतात, त्यामुळे सगळंच पुढे ढकललं गेलं, दुसरा सीझन थेट 21 नोव्हेंबरला सुरू झाला, पहिल्या सीझनला 26 एपिसोड होते ते यावेळी 22 वर आले, आणि सुरुवातीचा 'द चाइल्ड' हा तर सत्तरच्या दशकात एक स्टार ट्रेक मालिका निघणार होती जी कधी निघालीच नाही, तिच्यासाठी लिहिलेली जुनी स्क्रिप्ट बाहेर काढून उभा केला. म्हणजे सीझनची सुरुवातच उसनवारीवर झाली होती.

मग आला पैसा. त्या सीझनमध्ये दोन एपिसोडवर हात सैल सोडला गेला. एक 'एलिमेंटरी, डिअर डेटा', ज्यात होलोडेकवर, म्हणजे यानावरच्या खोटं जग उभं करणाऱ्या खोलीत, जुनं लंडन उभं केलंय, ते रस्ते, ते धुकं, ते कपडे. दुसरा तुझा आवडता 'क्यू हू'. बोर्गचं ते जहाज आतून कसं दिसतं, भिंतीत उभे राहून झोपलेले ते बोर्ग, हे सगळं फुकट येत नाही. दोन्ही एपिसोड रॉब बोमन या दिग्दर्शकाचे, आणि दोन्ही भारी आहेत. पण ज्यादा गेलेला पैसा कुठूनतरी भरून काढायचा होता आणि ठरलेले एपिसोड तर टीव्ही स्टेशनांना द्यायलाच लागतात, मग ती सगळी कसर शेवटच्या एपिसोडवर आली. साधारण एका एपिसोडच्या शूटिंगला सात-आठ दिवस मिळायचे, 'शेड्स ऑफ ग्रे'ला मिळाले तीन. आणि दिग्दर्शक कोण, तर परत रॉब बोमनच. ज्याच्या हातून सीझनमधलं सगळ्यात दणदणीत काम झालं, त्यालाच शेवटी पाट्या टाकायला लावलं, याचं मला आजही वाईट वाटतं. हाच माणूस पुढे 1998 ला 'एक्स फाइल्स'चा मोठा पिक्चर करतो, म्हणजे कुवतीचा प्रश्न नव्हताच.

आता तू म्हणतोस फसवल्यासारखं वाटलं, तर ते का वाटतं ते बघू. सुरुवात आठव. दलदलीचा ग्रह, रायकर आणि यानाचा इंजिनिअर जॉर्डी पाहणीला गेलेत, रायकरच्या पायाला एक काटा लागतो. पाय बधिर होत जातो. सिकबेमध्ये, म्हणजे यानावरच्या दवाखान्यात, तो डॉक्टर पुलास्कीला पणजोबांचा किस्सा सांगतो, की त्यांना साप चावला, तीन दिवस भयंकर वेदना झाल्या आणि मग साप मेला. इथपर्यंत एपिसोड चांगला आहे रे! माणूस घाबरलाय आणि हसून वेळ मारून नेतोय, रायकर झालेल्या जोनाथन फ्रेक्सने ते झकास केलंय. त्यानंतर जंतू मेंदूकडे सरकतो, पुलास्की त्याच्या डोक्यात सुया लावून आठवणी जाग्या करते आणि लक्षात येतं की सुखाच्या आठवणींनी जंतू वाढतो, दुःखाच्या आणि भीतीच्या आठवणींनी मरतो. म्हणजे याला वाचवायचं तर याच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट जे काही आहे ते परत परत भोगायला लावायचं.

ही कल्पना वाईट आहे का? अजिबात नाही. एखाद्या चांगल्या लेखकाने यावर दोन अंकी नाटक लिहिलं असतं. रायकरची आई तो अगदी लहान असताना गेली, बाप पंधराव्या वर्षी सोडून गेला, हे सगळं त्याच सीझनमध्ये 'द इकारस फॅक्टर'मध्ये आलंय. आता विचार कर, त्या बेडवर पडलेल्या माणसाला पंधराव्या वर्षाची ती एक सकाळ आठवते, रिकामं घर, नवीन लिहिलेला एकच सीन, पाच मिनिटांचा. बाकी सगळ्या क्लिप चालल्या असत्या मग! पण नवीन आठवण लिहायला वेळ नाही, पोरगा आणून शूट करायला पैसे नाहीत, म्हणून रायकरची सहकारी टाशा यार हिचा मृत्यू परत, 'द चाइल्ड'मधलं यानावरची समुपदेशक ट्रॉय हिचं रडणं परत, मारामाऱ्या परत. जे आपण रायकरच्या आधीच रडून झालोय ते. वर दुसऱ्याच्या भावना ओळखणारी ही ट्रॉय बेडशेजारी उभी राहून सांगत राहते की आता त्याला दुःख होतंय, आता राग येतोय. आपल्याला काही शोधायलाच ठेवलं नाही.

आणि एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. 17 जुलै 1989 ला हा एपिसोड लागला तो डायना मुल्डॉरचा, म्हणजे डॉक्टर पुलास्कीचा शेवटचा एपिसोड. पुढच्या सीझनला पहिल्या सीझनमधल्या डॉक्टर क्रशर परत आल्या आणि पुलास्कीचं नावही फारसं निघालं नाही. एक वर्ष जीव ओतून काम केलेल्या अनुभवी नटीला निरोपाचा एक संवाद नाही. मला या एपिसोडचा खरा राग येतो तो यासाठी.

प्रश्न: मग पैसे कमी पडले की एपिसोड वाईट होणारच असं समजायचं का? आमच्या घरी संध्याकाळी ज्या मालिका चालतात त्यात पण अर्धा वेळ फ्लॅशबॅकच असतात, आणि सासूबाईंना त्याचं काही वाटत नाही. (नाशिकहून एक वाचक)

उत्तर: नाही, असं अजिबात समजू नका, आणि याचा पुरावा त्याच शोमध्ये आहे. चौथ्या सीझनला परत पैशाची ओढाताण झाली आणि स्टुडिओकडून परत तोच आग्रह झाला, की एक क्लिप शो, म्हणजे जुनेच सीन जोडलेला एपिसोड, करून टाका. या वेळी निर्माते अडून बसले. आम्ही स्वस्तात करून देतो पण नवीन गोष्ट करतो, म्हणाले. त्यातून 'द ड्रमहेड' आला, 29 एप्रिल 1991 ला. नवा ग्रह नाही, नवं यान नाही, होते तेच सेट, एका खोलीत चौकशी समिती बसलीय आणि यानावर कोण गद्दार आहे ते शोधतेय. बस. पाहुणी म्हणून जीन सिमन्स, ती चौकशी करणाऱ्या अ‍ॅडमिरलच्या भूमिकेत. सुरुवातीला तिचं सगळं पटतं तुम्हाला, मग हळूहळू लक्षात येतं की पुरावा कमी पडला की ही बाई संशयाने जागा भरतेय, एका साध्या पोराचा आजोबा रोम्युलन, म्हणजे शत्रूच्या वंशाचा, होता एवढ्यावरून त्याला आरोपी करतेय. आणि दिग्दर्शक कोण होता माहितीये? जोनाथन फ्रेक्स, म्हणजे रायकरच! जो माणूस 'शेड्स ऑफ ग्रे'मध्ये अर्धा वेळ बेडवर डोळे मिटून पडला होता, त्यानेच दोन वर्षांनी दाखवून दिलं की कमी पैशात काय होऊ शकतं.

दुसऱ्या सीझनमध्येच 'द मेझर ऑफ अ मॅन' बघा, डेटा हा यानावरचा माणसासारखा यंत्रमानव वस्तू की व्यक्ती यावर खटला. लिहिणारी मेलिंडा स्नॉडग्रास स्वतः वकिली केलेली, त्यामुळे कोर्टातले प्रश्न कसे अंगावर येतात ते तिला ठाऊक होतं. तिथेही मारामारी नाही, फारसे इफेक्ट्स नाहीत, रायकर डेटाचा हात काढून टेबलावर ठेवतो तेवढा एक क्षण, आणि अंगावर काटा येतो. आडात होतं म्हणून पोहऱ्यात आलं.

सासूबाईंच्या मालिकेचं म्हणाल तर तिथला फ्लॅशबॅक बऱ्याचदा काल चुकलेल्यासाठी असतो, स्वयंपाक करता करता बघणाऱ्यासाठी असतो, आणि रोजच्या मालिकेत ते चालून जातं. 1989 ला अमेरिकेत सुद्धा क्लिप शो हा प्रकार लोकांना नवीन नव्हता, सगळ्यांकडे काही घरी रेकॉर्डिंग नव्हतं, जुना सीन परत बघायला मिळणं यात थोडी मजा होती. पण सीझनचा शेवट म्हणून? जिथे पुढे काही महिने लोकांनी तेच आठवत बसायचं असतं तिथे? तिथे नाही चालत. पुढच्याच वर्षी, जून 1990 ला, याच शोने तिसरा सीझन कॅप्टन पिकार्डला बोर्ग बनवून अशा जागी थांबवला की लोक उन्हाळाभर त्यावरच बोलत होते.

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये कायम भांडण असतं. मी म्हणतो सगळ्यात वाईट 'शेड्स ऑफ ग्रे', बाकीचे म्हणतात 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या नंतरच्या मालिकेचा 'थ्रेशोल्ड'. तुम्ही एकदाच काय ते सांगून टाका. (ठाण्याहून, चार मित्रांच्या वतीने)

उत्तर: मी तुमच्या बाजूने. पण बाकीच्या तिघांचं म्हणणं आधी नीट मांडतो कारण ते पण पोटतिडकीने बोलत असणार.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: 29 जानेवारी 1996 ला लागलेला एपिसोड. व्हॉयेजर हे यान घरापासून सत्तर हजारांहून जास्त प्रकाशवर्षं लांब अडकलंय, परत यायला सत्तर-पंचाहत्तर वर्षं लागणार. यानाचा पायलट टॉम पॅरिस एका शटलमधून, म्हणजे छोट्या यानातून, वॉर्प 10 गाठतो. या शोच्या हिशोबात वॉर्प 10 म्हणजे अनंत वेग, म्हणजे विश्वात एकाच वेळी सगळीकडे असणं. तो परत येतो आणि त्याचं शरीर बदलायला लागतं. पाणी सोसत नाही, हवा सोसत नाही, केस जातात, जीभ गळून पडते, मरतो, परत उठतो, कॅप्टन जेनवेला पळवून नेतो, आणि शेवटी दोघं एका दलदलीच्या ग्रहावर पालीसारखे प्राणी होऊन सापडतात, शेजारी तीन पिल्लं. मग डॉक्टर दोघांना परत माणूस करतो आणि पिल्लं तिथेच सोडून सगळे निघून जातात.

चिडण्यासारखं भरपूर आहे. एक तर विज्ञान. एपिसोड म्हणतो टॉमची उत्क्रांती फास्ट झाली, माणूस लाखो वर्षांनी जसा होईल तसा तो काही दिवसांत झाला. उत्क्रांती एका माणसाची होतच नाही, ती पिढ्यांची होते, परिस्थितीत जो टिकतो त्याची पोरं वाढतात, असं करत करत. परिस्थितीच बदलली नाही तर शरीर आधीच ठरलेल्या कुठल्यातरी दिशेने कसं जाईल? असा ठरलेला नकाशा आपल्या आत लिहिलेला नसतोच. शाळेतल्या पोराला कळतं हे, आणि विज्ञानकथेने निदान तेवढं तरी सांभाळावं ही अपेक्षा रास्त आहे. वेगाचं मी सोडून देईन कारण वॉर्प हे पहिल्यापासून मानलेलंच आहे, आणि 1994 ला मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन शास्त्रज्ञाने यानापुढची जागा आकुंचन पावते आणि मागची प्रसरण पावते असं गणित खरोखर मांडलंय, म्हणजे कल्पना अगदीच हवेतली नाही.

दुसरा राग जास्त मोठा आहे आणि तो कथेचा आहे. वॉर्प 10 जमलं ना? आणि त्याने जे काही बिघडतं ते डॉक्टरने बरं केलं ना? मग सगळ्यांना घेऊन वॉर्प 10 ने घरी जा, तिथे पोचल्यावर पाली झालेल्यांना एकेक करून बरं करा! पुढची पाच वर्षं कशाला भटकताय? याचं उत्तर एपिसोडकडे नाही आणि पुढच्या आठवड्यापासून कोणी त्याचं नावही काढत नाही. प्रेक्षक सगळं लक्षात ठेवून बघत असतो आणि शो विसरून जातो, तेव्हा खरी माती खाल्ली जाते.

एवढं सगळं मान्य करूनही मी 'थ्रेशोल्ड'ला वर ठेवतो. लेखक ब्रॅनन ब्रागाने नंतर स्वतः मान्य केलंय की हा फसला, आणि त्याने हेही सांगितलंय की माणूस पुढे जाऊन कोणी तेजस्वी, महाबुद्धिमान जीव होईल हे जे आपण गृहीत धरतो ते उलटं करून बघायचं होतं, कदाचित पुढे चिखलात सुखाने पडलेला साधा प्राणीच असेल. केवढी जबरदस्त कल्पना आहे! ती पडद्यावर पोचलीच नाही, पण कोणीतरी ती डोक्यात घेऊन बसलं होतं. टॉम झालेल्या रॉबर्ट डंकन मॅकनीलने मेकअपच्या थराखालून जो त्रास दाखवलाय तो खरा वाटतो, मुद्दाम परत बघा, सिकबेमध्ये तो एका क्षणी घाबरलेला असतो आणि दुसऱ्या क्षणी कॅप्टनवर ओरडतो, चिडलेला, केविलवाणा. आणि त्या मेकअपला 1996 चं एमी मिळालं, मायकल वेस्टमोर आणि टीमला. सगळ्यांनी आपापलं काम जीव तोडून केलंय, भट्टी बिघडली ती बिघडली.

'शेड्स ऑफ ग्रे'मध्ये बिघडायला भट्टीच लावली नव्हती. म्हणून बघा ना, 'थ्रेशोल्ड'वर तुम्ही चौघं अजून भांडताय, वॉर्प 10 म्हणजे काय, पिल्लांचं पुढे काय झालं, जेनवे त्यांना सोडून जाईल का. 'शेड्स ऑफ ग्रे'वर भांडायला काय आहे? कुठली क्लिप कुठल्या एपिसोडची, एवढंच. चाहत्याला निराशा चालते, त्याला वाद घालायला काही मिळालं नाही तर तो करणार काय?

प्रश्न: महोदय, मी निवृत्त शिक्षक, सोलापूर. आम्ही मूळ 'स्टार ट्रेक' ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी बघितलेली माणसं. त्यात स्पॉकचा मेंदू चोरीला जातो असा एक भाग होता, तो लहान मुलांनाही पटला नव्हता. तेव्हाही लेखकांचा संप होता काय?

उत्तर: सर, नमस्कार. संप नव्हता, पण तुमच्या त्या भागामागची गोष्ट या सगळ्यांत जास्त चटका लावणारी आहे, कारण तो भाग चाहत्यांनी अक्षरशः लढून मिळवला होता.

दुसऱ्या सीझननंतर एनबीसी ही वाहिनी हा कार्यक्रम बंद करणार अशी हवा होती. बीजो आणि जॉन ट्रिंबल या जोडप्याने देशभरातल्या चाहत्यांना पत्रं लिहायला लावली, कोणाला लिहायचं, कसं लिहायचं, सगळं समजावून. पोत्यांनी पत्रं गेली. जानेवारी 1968 ला कॅलिफोर्नियात कॅलटेकचे विद्यार्थी बरबँकला एनबीसीच्या दारावर मोर्चा घेऊन गेले. शेवटी 1 मार्च 1968 ला वाहिनीला टीव्हीवरून जाहीर करावं लागलं की कार्यक्रम चालू राहणार आहे, पत्रं थांबवा! आज आपण एका क्लिकवर नापसंती कळवतो, तेव्हा लोकांनी कागद, पाकीट, तिकीट घेऊन हे केलं होतं.

आणि मग वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची, जेव्हा हा कार्यक्रम बघणारी तरुण पोरं घराबाहेर असतात. बजेट कापलं. कार्यक्रमाचा जनक जीन रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाला. 20 सप्टेंबर 1968 ला तिसरा सीझन सुरू झाला, ज्यांनी पत्रं लिहिली ते सगळे टीव्हीपुढे बसले आणि पहिलाच भाग काय तर 'स्पॉक्स ब्रेन'. एक बाई यानावर येते, सगळ्यांना बेशुद्ध करते, स्पॉकचा मेंदू काढून नेते, आणि मग त्याचं रिकामं शरीर रिमोटने चालवत मंडळी मेंदू शोधायला निघतात. लिहिणारा कोण, तर जीन कून, ज्याने आधी या कार्यक्रमाला क्लिंगॉनसारखे शत्रू दिले, उत्तमोत्तम भाग दिले. या वेळी त्याने टोपणनाव वापरलं, ली क्रोनिन.

तुमच्या वर्गातल्या मुलांना जे पटलं नाही ते बहुतेक शेवटचं ऑपरेशन असणार. यानावरच्या डॉक्टर मॅकॉयला यंत्राने मिळालेलं ज्ञान मध्येच विरायला लागतं आणि अर्धवट जोडलेला स्पॉक स्वतःच त्याला सांगतो की पुढे काय जोडायचं. मला मात्र त्या सीनमधला, मॅकॉय झालेला डिफॉरेस्ट केली आवडतो, सर. हातातलं ज्ञान निसटत चाललंय आणि मित्र टेबलावर आहे, ही घालमेल त्याने मनापासून केलीय. स्पॉक झालेल्या लेनर्ड निमॉयने नंतर लिहून ठेवलंय की त्या शूटिंगभर त्याला अवघडल्यासारखं होत होतं, तरी तो रिकाम्या नजरेने चालत राहिला, काम अर्धं सोडलं नाही. 1969 ला कार्यक्रम बंद झाला तेव्हा 79 भाग झाले होते आणि त्यातले शेवटचे 24 त्या पत्रांमुळे झाले. तेवढे भाग झाले म्हणून पुढे पुनःप्रक्षेपणासाठी भरपूर माल हाताशी होता, आणि त्या पुनःप्रक्षेपणातूनच हा कार्यक्रम मोठा झाला.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते, अकरा वर्षांच्या मुलीबरोबर दुसरा सीझन बघतेय, आता शेवटचे दोनच राहिलेत. 'शेड्स ऑफ ग्रे' दाखवू की सरळ पुढे जाऊ? ती एकही एपिसोड सोडू देत नाही.

उत्तर: तिला सोडायचा नसेल तर लावा की, फक्त सुरुवातीची साधारण दहा मिनिटं लक्ष देऊन बघा, तो काटा लागतो तिथपासून पणजोबांच्या सापापर्यंत, आणि क्लिप सुरू झाल्या की तिलाच विचारत जा की हा सीन कुठल्या एपिसोडमधला, सगळं लक्षात ठेवणारी मुलगी असेल तर तिला यात मजा येईल. त्यात टाशाच्या मृत्यूचा सीन आहे, पहिल्यांदा बघताना तिला त्रास झाला असेल तर तेवढं आधी सांगून ठेवा. आणि त्याच रात्री तिसऱ्या सीझनचा पहिला, 'इव्होल्यूशन' पण लावून टाका, झोपायला थोडा उशीर झाला तरी चालेल. डॉक्टर क्रशर परत आलेल्या असतात, लेखनात मायकल पिलर नावाचा नवा माणूस आलेला असतो जो पुढे लेखकांची सगळी टीम सांभाळतो, आणि गोष्टीच्या मध्यभागी क्रशर यांचा मुलगा वेस्ली आहे, शाळेच्या प्रोजेक्टमध्ये काहीतरी चुकून सुटलंय आणि आईला सांगायची हिंमत होत नाहीये असा. अकरा वर्षांच्या मुलीला ते बरोबर कळेल.